मुलांच्या वाढदिवसाचं बोलावणं आलं: उत्तर कधी, कुणाला आणि काय द्यायचं?

मूल नर्सरीत जायला लागलं की वाढदिवसांची बोलावणी सुरू होतात, आणि पहिल्याच वर्षी नव्या आईबाबांची पंचाईत होते. पूर्वी वाड्यातली नाहीतर कॉलनीतली पोरं जमायची, औक्षण व्हायचं, पोहे नाहीतर सामोसे वाटले जायचे. चार पोरं जास्त आली तर पोह्यात मूठभर भर घालायची, संपलं. येतो-नाही येतो हे कळवायची पद्धतच नव्हती. आता नाशकात कॉलेज रोडवरच्या गेम झोनमध्ये किंवा गंगापूर रोडच्या लॉन्सवर डोकी मोजून पैसे भरावे लागतात, पण उत्तर द्यायची सवय मात्र अजून अंगवळणी पडलेली नाही. त्यामुळे ‘नक्की प्रयत्न करू’ असं सगळेच लिहितात आणि यजमान तळ्यात की मळ्यात करत बसतात.

आकडा कशाला लागतो ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. केटरर ताटांचा शेवटचा आकडा साधारण दोन-तीन दिवस आधी घेतो, आणि त्यानंतर कमी माणसं आली तरी सांगितलेल्या ताटांचे पैसे लागतात. गेम झोनवाले मुलांमागे दर लावतात, शिवाय कमीत कमी इतकी मुलं हवीतच अशी अट असते. केक माणशी १०० ग्रॅम धरतात, म्हणजे २० जणांना २ किलो, आणि त्याची ऑर्डर एक-दोन दिवस आधी जाते. रिटर्न गिफ्टं डझनाच्या हिशोबानं येतात. अशा वेळी पाच घरांनी ‘बघतो’ लिहिलं तर यजमानाच्या वहीत त्याचा अर्थ शून्यापासून वीसपर्यंत काहीही होतो.

उत्तर लिहायला बसण्यापूर्वी हाताशी असू द्या:

- मूळ बोलावणं (स्क्रीनशॉट काढून ठेवा, ग्रुपवर ते दोन दिवसांत शंभर मेसेजखाली गाडलं जातं)
- शाळेचं महिन्याचं वेळापत्रक: युनिट टेस्ट, स्नेहसंमेलन, सहल
- पंचांग असलेलं कॅलेंडर (संकष्टी, एकादशी, घरातली श्राद्धतिथी)
- घरात कुणी कंपनीत शिफ्टला असेल तर त्या आठवड्याची शिफ्ट
- यजमान आई किंवा बाबांचा नंबर, ‘पिंकीची आई’ अशा नावानं सेव्ह केलेला

## १. बोलावणं नीट वाचा

वेळ, ठिकाण आणि नाव, या तीन गोष्टी पाहायच्या.

नावावरून कुणाला बोलावलंय ते कळतं. ‘सहकुटुंब सहपरिवार’ असेल तर सगळं घर. ‘चि. बंटी’ एवढंच असेल तर फक्त बंटी, आणि तो फार लहान असेल तर सोबत एक मोठं माणूस. छापील पत्रिकेत हा फरक स्पष्ट असतो. व्हॉट्सॲपवरच्या फुगेवाल्या चित्रात तो नसतो, तिथे विचारून घ्यावं लागतं.

वेळेचं गणित ठिकाणावर अवलंबून आहे. घरी किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये ‘संध्याकाळी ७’ म्हणजे केक साडेसातला कापला जाणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. गेम झोनमध्ये मात्र दीड-दोन तासांचा स्लॉट असतो. ५ ते ७ लिहिलंय आणि तुम्ही पावणेसहाला पोचलात, तर तुमच्या मुलाचं खेळणं पाऊण तासानं कापलं जातं, स्लॉट काही पुढे सरकत नाही. ट्रॅम्पोलिनची जागा असेल तर बऱ्याच ठिकाणी पालकांच्या सहीचा फॉर्म आणि खास ग्रिपवाले मोजे लागतात. मूल सोडून जाणार असाल तर फॉर्म आधीच मागवा, नाहीतर बाकीची पोरं उड्या मारताहेत आणि तुमचं काउंटरपाशी उभं आहे, असं होतं.

ठिकाणाचं लोकेशन आलं नसेल तर उत्तरातच मागा. एकाच रस्त्यावर सारख्या नावांचे चार लॉन्स असतात.

## २. बोलावणं फक्त मुलाच्या तोंडून आलं असेल तर

“आई, शनिवारी पिंकीचा बर्थडे आहे, मला बोलावलंय!” ही बातमी आहे, बोलावणं नव्हे. चार वर्षांचं मूल वर्गात वाढदिवसाचं बोलणं ऐकतं आणि आपण जाणारच असं धरून चालतं. कधी तर तो ‘बर्थडे’ म्हणजे फक्त वर्गात होणारं चॉकलेटवाटप असतं.

दप्तर आणि डायरी बघा. कार्ड नसेल आणि पालकांचा मेसेजही नसेल, तर बोलावलेलं नाही असंच समजा. पिंकीच्या आईला “आम्हालाही बोलावलंय ना?” असं विचारू नका. भिडेपोटी ती हो म्हणेल आणि तिचा १२ मुलांचा बेत १३ चा होईल. मुलाला “यावेळी थोड्याच मुलांना बोलावलंय” एवढं सरळ सांगितलेलं पुरतं.

## ३. ‘हो’ म्हणण्याआधी घरात ठरवा

घरात आधी हे ठरायला हवं की उत्तर कोण देणार. बोलावणं आईला आणि बाबांना दोघांनाही येतं, दोघेही उत्तर देतात, आणि यजमान एकाच घराची दोनदा मोजणी करतात. एकानं उत्तर द्यायचं आणि दुसऱ्याला तसं सांगायचं.

नंतर अंतर बघा. नाशिकरोडहून गंगापूर रोडला जायचं तर मध्ये द्वारका चौक आहे, आणि शनिवारी संध्याकाळी द्वारकेला किती वेळ जातो हे नाशिककराला सांगायला नको. आडगाव किंवा पाथर्डी फाट्याहून येणाऱ्यांचंही तेच. परतीला रिक्षाचं काय, तेही आत्ताच ठरवा. आनंदवल्ली-सोमेश्वरच्या पुढच्या लॉन्सवर रात्री साडेनवाला लहान मूल कडेवर घेऊन रिक्षा शोधण्यापेक्षा सोसायटीतल्या कुणाबरोबर जाणं-येणं जुळवलेलं बरं.

ऋतूही लक्षात घ्या. डिसेंबर-जानेवारीत इथला रात्रीचा पारा एक आकडी होतो. उघड्या लॉन्सवर साडेआठचा केक असेल आणि मुलाला दम्याचा त्रास असेल तर आत्ताच विचार करा. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाकाठचे रस्ते बंद होतात आणि पंचवटीकडची वाहतूक फिरवली जाते. श्रावणी सोमवारी त्र्यंबक रोडला गर्दी असते. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडतात, त्या दिवशी दुपारी तिकडून पांढरा फ्रॉक घालून जाणं हे धाडसच. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाच्या स्नानांच्या दिवशी शहरात वाहनांवर निर्बंध असतील, तेव्हा त्या तारखांच्या आसपासच्या बोलावण्याला हो म्हणण्याआधी रस्त्यांची बातमी वाचा.

मुलाला विचारायचं का? चार-पाच वर्षांच्या पुढे, हो. पण तुमचं ठरल्यानंतर. आधी विचारून ते उड्या मारायला लागलं आणि मग नाही म्हणायची वेळ आली, तर त्या संध्याकाळी घरात शांतता नसते.

## ४. उत्तर किती दिवसांत?

बोलावणं वाचल्यापासून दोन दिवसांत. कार्डावर ‘अमुक तारखेपर्यंत कळवा’ असेल तर त्या तारखेच्या आत. मात्र शेवटच्या रात्री अकराला नको.

शिफ्ट लागायची आहे किंवा गावाकडून फोन यायचा आहे म्हणून नक्की सांगता येत नसेल, तर तेवढंच कळवा आणि सोबत स्वतःची तारीख द्या. तारखेशिवायचं ‘बघतो’ यजमानाच्या काहीच कामाचं नाही. कार्यक्रम शनिवारी असेल तर बुधवार रात्र ही शेवटची मुदत धरा, कारण गुरुवारी केटररला आकडा जातो. बुधवारपर्यंत तुमचंच ठरलं नसेल तर नाही कळवून टाका. तुमच्यामुळे दोन ताटं अडून राहत नाहीत आणि पुढच्या वेळी तुम्हाला बोलावताना कुणी कचरत नाही.

एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. निळ्या टिकांची सेटिंग बंद ठेवली असली तरी ग्रुपवरचा मेसेज तुम्ही वाचला की पाठवणाऱ्याला तो ‘मेसेज इन्फो’त दिसतो. “अहो, पाहिलाच नाही” ही सबब तिथे चालत नाही. उशीर झालाच असेल तर सबब शोधण्यापेक्षा “उत्तराला उशीर झाला, माफ करा” इतकं लिहून पुढचं सांगा.

## ५. ग्रुपवर की वेगळं?

आमचं मत ठाम आहे: वेगळं. ग्रुपवरच्या मेसेजवर बोट दाबून धरलं की ‘रिप्लाय प्रायव्हेटली’ हा पर्याय मिळतो, तो वापरा.

ग्रुपवर एकानं “सॉरी, जमणार नाही” लिहिलं की मागोमाग चार जण तेच लिहितात, आणि ज्यांनी खर्च केलाय त्यांचा हिरमोड होतो. ‘हो’चंही तसंच: “आम्ही तिघं येतोय” हे वाचून बाकीचेही तिघं येतात. यजमानांनी ग्रुपवर पोल टाकला असेल तर तिथे बोट दाबा, पण किती जण येणार ते वेगळं कळवा. पोलमध्ये मत मोजलं जातं, माणसं नाहीत.

नुसता अंगठा किंवा हात जोडल्याचं चित्र हे उत्तर नव्हे. अंगठ्याचा अर्थ ‘येतो’ असतो, ‘वाचलं’ही असतो आणि ‘छान’ही असतो.

बोलावणं तुम्हाला वेगळं आलं असेल, तर वर्गाच्या ग्रुपवर त्याबद्दल चकार शब्द काढू नका. “शनिवारी किती वाजता निघताय सगळे?” या एका ओळीनं न बोलावलेल्या १५ घरांना कळतं की आपल्याला वगळलं आहे, आणि सोमवारी त्या यजमान आईला शाळेच्या फाटकापाशी उगाच खुलासे करावे लागतात. हा घोळ दर वर्षी कुठल्या ना कुठल्या वर्गात होतोच.

## ६. उत्तरात काय लिहायचं

चार गोष्टी: तुम्ही कोण, येणार की नाही, किती जण, मुलाबरोबर कोण. वर्गात दोन-तीन आरव असतात, म्हणून तुकडी लिहा.

येणार असाल तर:

“नमस्कार ताई, मी ज्युनियर केजी ‘ब’मधल्या बंटीची आई. पिंकीच्या वाढदिवसाला बंटी नक्की येईल. सोबत त्याची आजी असेल, म्हणजे एक मूल आणि एक मोठं. आजींचा नंबर पाठवते.”

आजी-आजोबा सोबत येणार असतील तर ते आवर्जून सांगाच. कंपनीत शिफ्टला असलेल्या घरांत मुलांना तेच नेतात-आणतात, आणि यजमानांना चेहरा ओळखीचा नसतो. मूल सोडून जाणार असाल तर आणायला कोण, किती वाजता येणार हेही लिहा. चार वर्षांखालच्या मुलाला सोडून जायचं नाही, हे यजमानांनी सांगायची वाट पाहू नका.

येणार नसाल तर:

“नमस्कार, बोलावल्याबद्दल आभार. त्या दिवशी आम्ही सिन्नरला आहोत, त्यामुळे बंटीला येता येणार नाही. पिंकीला आमच्याकडून खूप शुभेच्छा.”

कारण एक ओळीचं आणि खरं असावं. खोटं कारण मूलच फोडतं: “आम्ही गावाला नव्हतो गेलो, घरीच होतो!” सांगण्यासारखं कारण नसेल तर “त्या दिवशी जमणार नाही” इतकं पुरे. समोरचा आग्रह करतोच, आपल्याकडे ती रीतच आहे. “थोडा वेळ तरी या” म्हटल्यावर भिडेनं “बरं, बघतो” म्हणू नका. पुन्हा एकदा हसून नाही म्हणा.

अजून नक्की नसेल तर:

“बंटीला यायचंय, पण यांची शिफ्ट मंगळवारी कळेल. बुधवारी सकाळी नक्की सांगते. तोवर आम्हाला धरू नका.”

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर यजमान तुम्हाला मोजणारच.

## ७. धाकटं भावंड

सगळ्यात जास्त मनं इथे दुखावतात. बोलावणं थोरल्याला, आणि दारात थोरला, धाकटी आणि शेजारचा एक. वाढदिवस घरी असेल तर खपून जातं. गेम झोनमध्ये मात्र धाकटीच्या मनगटाला पट्टी बांधायची म्हणजे यजमानांना तिचा वेगळा दर भरावा लागतो, आणि दारात त्यांना नाही म्हणता येत नाही.

घरी ठेवायला कुणीच नसेल तर आधी असं विचारा: “धाकटीला घरी ठेवायची सोय नाही. ती माझ्याबरोबर बाहेरच्या भागात बसली तर चालेल का? नाहीतर बंटीला सोडून सातला न्यायला येते.” यात यजमानांना नकार देण्याची वाट मोकळी राहते. त्यांनी “आणा की” म्हटलं तर धाकटीच्या तिकिटाचे पैसे देऊ करा. ते बहुधा घेणार नाहीत, तरी विचारा. रिटर्न गिफ्ट मात्र धाकटीसाठी मागू नका, आणि घरी राहिलेल्यासाठी तर नाहीच नाही.

## ८. खाण्यापिण्याचं आधी सांगा

जैन जेवण, बिनअंड्याचा केक, उपास, ॲलर्जी हे सगळं उत्तरातच यायला हवं. ताटावर बसल्यावर सांगून उपयोग नाही. मुलांच्या पार्टीतले नेहमीचे पदार्थ बघा: पावभाजी, सामोसा, वेफर्स, बटाटेवडा. सगळ्यांत बटाटा आहे, म्हणजे जैन घरातल्या मुलासाठी केक सोडून काही उरत नाही. चातुर्मासात सूर्यास्तानंतर न खाणारी घरंही आहेत. अशा वेळी “आम्ही खेळायला येऊ, जेवण धरू नका” हे सांगणं दोघांच्याही सोयीचं. संकष्टीला मूल खातं पण सोबतच्या आईचा उपास असतो, तेव्हा एक ताट कमी सांगा.

ॲलर्जीबाबत संकोच नको. शेंगदाण्याची असेल तर विशेष काळजी घ्या, कारण आपल्या स्वयंपाकात कूट कुठे असेल सांगता येत नाही: खिचडीत, कोशिंबिरीत, भाजीत, चटणीत. “बंटीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, अंगावर गांधी उठतात आणि श्वास अडकतो. त्याचा डबा आम्ही आणू, फक्त वाढणाऱ्यांना सांगून ठेवाल का?” असं लिहा. नुसतं ‘चालत नाही’ म्हटलं की समोरच्याला ती आवडनिवड वाटते आणि “थोडंसं खा रे” असा आग्रह होतो. औषध सोबतच्या माणसाकडेच द्या.

## ९. बोरन्हाण, मुंज, बारसं

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाणाची बोलावणी येतात. त्याबरोबर बहुधा हळदीकुंकूही असतं, म्हणजे बोलावणं आई आणि मुलाला असतं, बाबांना धरू नका. जेवण नसतं, खाऊ असतो, त्यामुळे आकड्याची तितकी घाई नाही, पण किती मुलं येणार हे कळलं तर चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, गोळ्या-बिस्किटं त्या मानानं आणता येतात. मुलाच्या हातात गोळा करायला छोटी पिशवी द्या. चार वर्षांखालच्या मुलांना अख्खी बोरं, शेंगदाणे आणि कडक गोळ्या घशात अडकू शकतात, तेव्हा पिशवी लगेच तुमच्याकडे घ्या.

मुंजीच्या पत्रिकेला वाढदिवसाचे नियम लागत नाहीत. तिथे मुहूर्ताची वेळ खरी असते आणि बोलावणं घराला असतं. बारशाला फोनवर सांगितलं तरी चालतं.

## १०. ‘हो’ म्हटल्यावर बेत बदलला तर

कळल्या क्षणी कळवा, आणि मेसेज नको, फोन करा. कार्यक्रमाच्या दिवशी यजमान फुगे फुगवत असतात, मोबाइल बघत नसतात. दुपारी चारनंतर मात्र उलट: फोन नको, मेसेज टाका आणि दुसऱ्या दिवशी बोला.

आजारपणात भीड ठेवू नका. ताप असेल तर औषध न घेता २४ तास ताप नाही असं झाल्यावरच न्या. उलट्या-जुलाब थांबल्यावर ४८ तास जाऊ द्या. कांजिण्यांत पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत संसर्ग होतो. पावसाळ्यात शाळाशाळांतून फिरणारा हात-पाय-तोंडाचा आजार आणि डोळे येणं, हेही तसंच. “येऊन फक्त केक खाऊन जाऊ” असं म्हणू नका, कारण त्या केकवर फुंकर सगळेच घालतात. कार्यक्रमाहून आल्यावर एक-दोन दिवसांत मूल आजारी पडलं तरीही यजमानांना कळवा, म्हणजे बाकीची घरं सावध होतील.

## ११. आहेराचं काय

‘कृपया आहेर आणू नये’ लिहिलं असेल तर खरंच नेऊ नका. सगळे मोकळ्या हातानं आले आणि तुम्ही भलामोठा डबा घेऊन आलात, तर बाकीच्यांना अवघडल्यासारखं होतं. मुलानं स्वतः काढलेलं शुभेच्छापत्र चालतं.

तसं काही लिहिलेलं नसेल तर पुस्तक, रंग, कोडी. पाकीट देणार असाल तर एक रुपया वरचा, म्हणजे १०१, २०१, असं. वर्गमित्राच्या वाढदिवसाला ५०१ च्या पुढे जाऊ नका, कारण ते परत करण्याचं ओझं त्या घरावर पडतं. भेटीवर मुलाचं नाव लिहा. २५ खोक्यांत तुमचं कुठलं हे नंतर कुणालाच कळत नाही. येणार नसाल तर आहेर पाठवायलाच हवा असं नाही.

## १२. घरी आल्यावर

त्याच रात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी दोन ओळी लिहा: मुलाला काय आवडलं ते एक वाक्य आणि आभार. फोटो यजमानांना वेगळे पाठवा. दुसऱ्यांची मुलं दिसत असतील तर स्टेटसला लावण्याआधी त्यांच्या पालकांना विचारा. आणि झोपायच्या आधी पिशवी उलटी करून बघा: दुसऱ्याची पाण्याची बाटली किंवा एकच मोजा निघाला तर फोटो काढून यजमानांना पाठवा, कुणाचा ते त्यांना विचारता येईल.